पन्हाळ्याचा चढ आणि एक ग्रॅम गूळ

करूळ घाट चढून गगनबावड्यात पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. कोल्हापूर अजून ५५ किलोमीटर. अवघड भाग संपला होता, पुढचा रस्ता रोजच्या सवयीचा. पण असळज मागे पडलं आणि पाय थांबले. दुखत नव्हते, गोळे आले नव्हते, नुसता जीव गेल्यासारखे झाले. हात थरथरत होते, गिअर बदलायचंही सुचत नव्हतं. रस्त्यालगत एक गुऱ्हाळ चालू होतं, तिथं सायकल टेकवली. काहिलीजवळच्या गुळव्यानं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "पावणं, पोटात काय हाय का न्हाई?" उत्तराची वाट न बघता त्यानं हातावर कोमट गुळाचा खडा ठेवला. पंधरा-वीस मिनिटांत डोकं ताळ्यावर आलं.

हजार किलोमीटरच्या स्वावलंबी सायकल शर्यतीत उतरायचं असं मी ठरवलं आहे. तोवर माझी सगळी तयारी पायांची होती. त्या गुळव्याच्या प्रश्नानं ती पोटाकडं वळली.

माझ्यासारखा हौशी सायकलवाला दिवसभर टिकेल अशा वेगानं चालवतो तेव्हा पेडलवर साधारण १२० वॉट शक्ती लावतो. स्नायूंना अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्केच कामाला लावता येते, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे १२० वॉटसाठी शरीर आतून ५०० वॉटच्या आसपास जाळतं, तासाला सुमारे ४३० किलोकॅलरी. तयार साठा किती? स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली साखर सगळी मिळून साधारण २,००० किलोकॅलरीची. चरबी मात्र सडपातळ माणसाच्या अंगातही हजारो किलोकॅलरींची असते, पण ती सावकाश जळते. चढावर जोर लावला की शरीर साखरच मागतं. सकाळच्या पोह्यांवर दोन घाट केले की ग्लायकोजेन तळाला जातं, रक्तातली साखर उतरते आणि साखरेवर चालणारा मेंदू आधी गडबडतो. मला गिअर सुचत नव्हता तो त्यामुळे.

मग भरपूर खावं, इतकं सोपं ते नाही. अडचण आतड्याच्या दारात आहे. ग्लुकोज रक्तात घेणारे वाहक प्रथिनांचे दरवाजे तासाला साधारण ६० ग्रॅमच्या वर फारसं आत घेत नाहीत. त्याहून जास्त खाल्लं तर ते पोटातच राहतं, पाणी ओढून घेतं आणि मळमळ सुरू होते. फ्रुक्टोजचा दरवाजा मात्र वेगळा आहे. दोन्ही साखरा एकत्र दिल्या तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते. आता गुळाकडं बघा. गुळात मुख्यतः सुक्रोज असतं, आणि सुक्रोजचा एक रेणू म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडलेले. खेळाडूंसाठी विकल्या जाणाऱ्या महागड्या जेलमध्ये जे मिश्रण मुद्दाम साधलेलं असतं, त्याच्या अगदी जवळचं काहीतरी आपल्या गुऱ्हाळात उकळत असतं. नुसताच गूळ तासन्‌तास खाववत नाही, म्हणून मी केळी, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की असं आलटून पालटून ठेवतो. झणझणीत तर्रीची मिसळ मला प्राणप्रिय आहे, पण तेल पोट रिकामं व्हायला वेळ लावतं. ती परतल्यावर.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की आतडं शिकतं. सराव करताना रोज ठरवून खाल्लं तर काही आठवड्यांत साखर शोषून वापरण्याची क्षमता वाढते आणि पोटही कमी कुरकुरतं. कोल्हापुरात तालीम हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पैलवानाची मेहनत आणि खुराक आपण कधी वेगळे काढत नाही. सायकलवाले मात्र शनिवार-रविवारी पायांची तालीम करतात आणि पोटाला थेट शर्यतीच्या दिवशी आखाड्यात उतरवतात. मी आता घड्याळ लावून दर वीस मिनिटांनी खातो, भूक असो वा नसो.

स्वावलंबी शर्यतीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण मागे गाडी नसते. अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या 'रॅम' शर्यतीत स्पर्धकाबरोबर मदतनीसांची गाडी असते. माइक हॉल यांनी २०१३ साली सुरू केलेल्या युरोपातल्या 'ट्रान्सकॉन्टिनेन्टल'सारख्या शर्यतीत तशी गाडी चालत नाही. दुकानातून विकत घ्या, लॉजवर झोपा, पण जे सगळ्यांना खुलं आहे तेवढंच. ठरवून बोलावलेला मित्र डबा घेऊन आला तर ते नियमाबाहेर. दुसऱ्याच्या मागे लागून वारा चुकवायलाही परवानगी नाही. हा बाणा जुना आहे. १९१३ च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये युजीन क्रिस्तोफ यांच्या सायकलचा पुढचा चिमटा डोंगरात मोडला. ते सायकल घेऊन कित्येक किलोमीटर चालत उतरले आणि एका लोहाराच्या भट्टीत त्यांनी तो स्वतःच्या हातानं जोडला. भाता एका पोरानं ओढला, म्हणून त्यांना वेळेचा दंड झाला! भट्ट्या आणि लेथ यांच्या आवाजात वाढलेल्या आपल्या उद्यमनगरातल्या कुणालाही हा माणूस आपला वाटेल.

सामान किती घ्यावं यावर सायकलवाले रात्र-रात्र वाद घालतात, टूथब्रशचा दांडा कापणारेही आहेत. मी हिशोब मांडला. पन्हाळा पायथ्यापासून सुमारे ४०० मीटर उंच. एक किलो जास्तीचं वजन तेवढं वर न्यायला लागणारं काम एक गुणिले ९.८ गुणिले ४००, म्हणजे ३.९ किलोज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता धरली तर एवढ्या कामाला अन्नातल्या जवळपास ४ किलोकॅलरी लागतात. एक ग्रॅम गुळात साधारण तेवढीच ऊर्जा असते. एक किलो पन्हाळ्यावर चढवायची किंमत एक ग्रॅम गूळ! म्हणून दोन जादा ट्यूब, चेनची कडी आणि चांगला रेनकोट मी बिनधास्त घेतो. वजनापेक्षा आकार महाग पडतो. हवेवर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे कागल-निपाणीच्या सपाट रस्त्यावर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या जास्त नडतात. सामान सीटमागे, शरीराच्या आडोशाला बांधलेलं बरं.

घामाचा हिशोब घाटाच्या दोन बाजूंना वेगळा लागतो. ५०० वॉटमधले ३८० वॉट उष्णता म्हणून बाहेर टाकायचे, त्यासाठी तासाला अर्धा लिटरहून थोडा अधिक घाम पुरेसा आहे, पण तो वाळला तर. थेंब बनून गळलेला घाम काहीच गार करत नाही. देशावरच्या कोरड्या हवेत तो वाळतो. कोकणातल्या दमटपणात अंगावरून नुसता ओघळतो आणि शरीर आणखी घाम काढत राहतं. प्रत्येक लिटरमागे साधारण एक ग्रॅम सोडियम जातं. ते न भरता नुसतंच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम विरळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत कोकणात कुठंही मिळतं. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे मी शर्यतीआधी राखून ठेवले आहेत.

मला खरी भीती वाटते ती झोपेची. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिसादाची गती रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडं वाहन चालवताना कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट, कारण शरीराचं घड्याळ तेव्हा तळाला असतं. दिवसभरात मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साचतं आणि झोप आणतं. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याची जागा अडवतं, ॲडिनोसिन मात्र साचतच राहतं. ते फक्त झोपेनंच ओसरतं. तेव्हा रात्री दीड-दोन तास तरी आडवं व्हायचं हे मी पक्कं केलंय, मग क्रमांक कितीही मागे पडो. ज्या रस्त्यावर ऊस वाहणारे ट्रॅक्टर रात्रभर दिव्याविना चालतात तिथं डुलकीला जागा नाही.

झोपेचा वेळ काढायचा कुठून, तर थांब्यांमधून. हजार किलोमीटर ताशी २५ नं चाळीस तास, २४ नं एक तास चाळीस मिनिटं जास्त. तो एक किलोमीटर वाढवायला हवेविरुद्ध १३ टक्के जादा शक्ती लागते. उलट दहा थांब्यांवर दहा-दहा मिनिटं कमी रेंगाळलं की तेवढीच शंभर मिनिटं हातात येतात. म्हणून आता सरावात थांब्याचंही घड्याळ लावतो. बाटल्या भरायच्या, खिशात चिक्की टाकायची, चेनवर तेलाचा थेंब आणि निघायचं. येत्या शनिवारी रात्री दहाला निघून फोंडा घाट उतरायचा आणि पहाटेच्या त्या तीन ते पाचच्या वेळेत परत चढायचा आहे. खिशात मोजून बांधलेल्या गुळाच्या पुड्या आहेत, दर वीस मिनिटांना एक.