त्सुकिजी ते तोयोसु: एका मासळी बाजाराच्या स्थलांतरामागची गोष्ट

टोकियोला निघालेली मंडळी आजही ‘त्सुकिजीचा मासळी बाजार बघायचाय’ म्हणतात, आणि तिथे पोचल्यावर त्यांना भरपूर मासळी खायलाही मिळते. लिलाव मात्र दिसत नाही. तो ११ ऑक्टोबर २०१८पासून दोन-अडीच किलोमीटरवर, तोयोसुला होतो. हा गोंधळ नावातूनच येतो. त्सुकिजी म्हणजे एकमेकांना खेटून वाढलेले दोन बाजार होते. ‘जोनाई’ हा आतला बाजार. तिथली जागा सरकारी, व्यापारी परवानाधारक, आणि व्यवहार लिलावाचा व घाऊक. ‘जोगाई’ हा बाहेरचा. तिथे सुऱ्यांची, सुक्या मासळीची, लोणच्यांची दुकानं, अंड्याचं तामागोयाकी भाजणारे, चार-सहा खुर्च्यांची सुशीची हॉटेलं. हलला तो आतला बाजार. बाहेरचा जागच्या जागी आहे, त्यामुळे ‘त्सुकिजी बंद झालं’ हे वाक्य निम्मंच खरं आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात. एदो काळापासून, म्हणजे टोकियोचं नाव एदो होतं तेव्हापासून, मासळी बाजार शहरातल्या निहोनबाशी भागात होता. मोसमातला पहिला कत्सुओ मासा खाण्यासाठी एदोचे लोक वाटेल तेवढे पैसे मोजत. पहिल्या हापूसच्या पेटीचा भाव ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना ही ओढ वेगळी समजावून सांगायला नको. १९१८ साली तांदळाच्या भाववाढीवरून जपानभर दंगली झाल्या. खाद्यपदार्थांचा घाऊक व्यापार सार्वजनिक देखरेखीखाली आणायचा विचार त्यातून पुढे आला आणि १९२३च्या मार्चमध्ये तसा कायदा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भूकंप आणि आगीत निहोनबाशीचा बाजार संपला. त्सुकिजीला आधी तात्पुरती सोय झाली, पक्का बाजार १९३५मध्ये उघडला. मुख्य इमारतीला चंद्रकोरीसारखा बाक दिला होता, कारण मासळी रेल्वेच्या वाघिणींतून यायची आणि रूळ त्या बाकाला धरून वळवायचे होते.

पुढे रेल्वे गेली, ट्रक आले, पण बाक तसाच राहिला. २३ हेक्टरांत ट्रक, हातगाड्या, ‘तारे’ नावाच्या छोट्या मोटरगाड्या, थर्माकोलचे खोके आणि वरून पर्यटक. १९९१मध्ये आहे त्याच जागी नूतनीकरण सुरू झालं. चालू बाजार बंद न करता तो पाडायचा आणि बांधायचा हे जमेना, आणि काही वर्षांतच काम रखडलं. १९९९च्या सुमारास स्थलांतराकडे कल झुकला, २००१मध्ये तोयोसुवर शिक्का बसला. पुढचा सगळा वाद या जागेच्या निवडीचा आहे.

तोयोसुच्या त्या ४० हेक्टरांवर आधी गॅसचा कारखाना होता. १९५६ ते १९८८. कोळशापासून गॅस काढताना जे मुरायचं ते जमिनीत मुरलं होतं: बेंझीन, सायनाइड, शिसं, आर्सेनिक, पारा. ही गोष्ट निर्णयाच्या वेळीच माहीत होती. २००८च्या तपासणीत एका ठिकाणी बेंझीन मर्यादेच्या ४३,००० पट निघालं, तेव्हा ती घरोघरी पोचली. मग तज्ज्ञांनी उपाय सुचवला: दोन मीटर माती काढायची, तिथे स्वच्छ माती भरायची आणि त्यावर आणखी अडीच मीटर भराव घालायचा. शिवाय बाजार उघडण्याआधी भूजलही मर्यादेत आणू, असं वचन दिलं गेलं.

हे वचन नीट बघायला हवं. भूजलाची ती मर्यादा पिण्याच्या पाण्याची होती. तोयोसुत जमिनीखालचं पाणी पिणारही कोणी नव्हतं आणि त्यात मासे धुणारही नव्हतं. वर काँक्रीट असणार होतं. कायद्याला एवढं पुरलं असतं. पण व्यापारी आणि गिऱ्हाईक दोघंही बिथरलेले होते, म्हणून प्रशासनाने कायद्याच्या पुढे जाऊन शब्द दिला. जपानीत या वादात दोन शब्द जोडीने फिरत राहिले, ‘अंझेन’ आणि ‘अंशिन’. अंझेन म्हणजे सुरक्षित, जे मोजता येतं. अंशिन म्हणजे निर्धास्त असणं, आणि ते मोजायला कुठलंही यंत्र नाही. खाण्याच्या वस्तूच्या बाबतीत दुसऱ्याशिवाय पहिल्याला फारशी किंमत राहत नाही, हे कोळणीकडून पापलेट घेताना आधी कल्ला उघडून बघणाऱ्या कोणालाही कळेल.

७ नोव्हेंबर २०१६ ही स्थलांतराची तारीख ठरली होती. ३१ ऑगस्टला, पदावर येऊन महिनाही न झालेल्या टोकियोच्या गव्हर्नरांनी ती पुढे ढकलली. दहा दिवसांत आणखी एक गोष्ट उघड झाली: मुख्य इमारतींखाली तो साडेचार मीटरांचा भराव नव्हताच. तिथे पोकळ तळघरं होती आणि त्यांत पाणी साचलेलं होतं. अभियांत्रिकीच्या दृष्टीने पोकळी कदाचित चालली असती. पण भराव घातला आहे असं लोकांना सांगितलं गेलं होतं, आणि तो का घातला नाही, कोणी ठरवलं, याचं सरळ उत्तर सुरुवातीला मिळालं नाही. माझ्या मते निर्धास्तपणा गेला तो इथे. जानेवारी २०१७मध्ये भूजलात बेंझीन मर्यादेच्या ७९ पट निघाल्याची बातमी आली, तेव्हा ‘वरच्या मजल्यावर धोका नाही’ हे तज्ज्ञांचं खरं म्हणणंही कोणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

या काळात गाळेधारकांची अवस्था फार वाईट होती. मधले घाऊक व्यापारी, म्हणजे लिलावात मासा घेऊन तो कापून हॉटेलांना विकणारे, पाचशेच्या आसपास होते. बरीचशी छोटी, घरची पेढी. नव्या जागेसाठी शीतपेट्या घेऊन झालेल्या, जुन्या जागेचं भाडं चालू. भरपाई मिळाली, पण दोन वर्षं लटकत राहण्याची भरपाई कशी मोजणार?

२० जून २०१७ला, शहराच्या विधानसभेच्या निवडणुकीला दोन आठवडे उरले असताना, तोडगा जाहीर झाला: बाजार तोयोसुला जाईल, त्सुकिजीची जमीन विकणार नाही, तिथे अन्नसंस्कृतीचं केंद्र उभं राहील, परत यायचं असेल त्यांना मदत होईल. दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असं वाटावं, असा तो शब्दप्रयोग होता. काही आठवड्यांत भूजल मर्यादेत आणण्याचं वचन मागे पडलं. तळघरांत काँक्रीट आणि वायुवीजन आलं, आणि जुलै २०१८च्या अखेरीस जागा सुरक्षित असल्याची घोषणा झाली. जानेवारी २०१९च्या त्सुकिजीच्या आराखड्यात अन्नकेंद्राऐवजी परिषदांचं सभागृह ठळक होतं. २०२४मध्ये तिथे सुमारे ५०,००० आसनांच्या स्टेडियमचा प्रस्ताव निवडला गेला.

तोयोसुला पहिल्याच नववर्षाच्या लिलावात, जानेवारी २०१९मध्ये, २७८ किलोंचा ब्लूफिन ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनना गेला. हा तेव्हाचा विक्रम बातम्यांत गाजला. पाहुण्यांना लिलाव आता काचेआडून दिसतो. मासा बंदिस्त, थंड हवेत राहतो. ताजेपणाच्या हिशेबाने हे चांगलंच आहे, आणि जुन्या बाजारातले उंदीर व उन्हाळ्यातला उकाडा आठवणारे ते नाकारत नाहीत.

भायखळ्याची भाजी आणि क्रॉफर्ड मार्केटची घाऊक फळं खाडीपलीकडे गेली, तरी दोन्ही ठिकाणची किरकोळ दुकानं राहिली. त्सुकिजीच्या जोगाईतही तसंच झालं. तिथले दुकानदार पहाटे तोयोसुला जाऊन माल घेतात, गाडीत घालून पूल ओलांडून परत येतात, आणि त्सुकिजीच्या फळीवर मांडतात.