लाळग्रंथीची गाठ आणि सुईची जाडी

कानाच्या पाळीखाली हळूहळू वाढलेली, न दुखणारी गाठ पॅरोटिड या लाळग्रंथीतली निघाली, तर तपासणीसाठी तिचा तुकडा चाकूने कापून काढणं डॉक्टर टाळतात. चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते. शिवाय इथे सर्वांत जास्त आढळणारी प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा ही साधी गाठ फुटून आजूबाजूला सांडली, तर काही वर्षांनी त्याच जागी साबुदाण्यासारख्या अनेक गाठी उगवू शकतात. म्हणून सुई.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधले हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी 1930 मध्ये सुईने गाठीतला अंश ओढून तपासण्याची पद्धत मांडली. त्यांची सुई 18 गेजची, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड. (गेजचा आकडा वाढला की सुई बारीक होते, इथे भलेभले गोंधळतात.) सुईच्या वाटेने कर्करोग पसरेल या धास्तीने अमेरिकेत ती फारशी रुजली नाही. ‘गाठीला टोचू नका’ हे आपल्याकडेही अजून ऐकू येतंच.

पुढचं काम स्वीडनमध्ये झालं. स्टॉकहोममध्ये फ्रान्झेन, झायिचेक आणि एनेरोथ यांनी बारीक सुई वापरली आणि 1960च्या दशकात लाळग्रंथींच्या 1000 गाठींचे निष्कर्ष मांडले. वाळवलेल्या काचपट्टीवर गीम्सा पद्धतीचा रंग चढवला की प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाचा गर झगझगीत राणी रंगाचा, विस्कटलेल्या तंतूंसारखा दिसतो. एकदा पाहिला की विसरत नाही. आज आपण ज्याला एफएनएसी म्हणतो, ती हीच तपासणी.

पण सुट्या पेशींतून गाठीची बांधणी कळत नाही. बेसल सेल ॲडिनोमा साधी, ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा कर्करोग. काचपट्टीवर दोघी बहिणी-बहिणी वाटतात. गाठ शेजारच्या भागात घुसली आहे का, हेही दिसत नाही. म्हणून सोनोग्राफीवर बघत 18 ते 20 गेजच्या सुईने ऊतीचा बारीक दंडगोल काढणारी कोअर बायोप्सी आली. म्हणजे जाडीच्या बाबतीत गाडी पुन्हा मार्टिनच्या आकड्यापाशी! 2011च्या एकत्रित विश्लेषणांत बारीक सुईने सुमारे 80 टक्के कर्करोग पकडले गेले, तर कोअरने 92 टक्के.

तरी पहिली सुई बारीकच असावी, असं माझं मत. ती स्वस्त, बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांत होणारी. कोअरला सोनोग्राफी, भूल, अनुभवी हात हवा. 2018च्या मिलान पद्धतीने एफएनएसीच्या अहवालांना सहा वर्ग दिले. त्यात ‘गाठ आहे, पण साधी की घातक ते सांगता येत नाही’ असा स्पष्ट कप्पा आहे. कोअरचा विचार होतो तो बहुधा असा अहवाल हातात आल्यावर, किंवा दोनदा टोचूनही काचपट्टीवर नुसतं रक्तच आलं तर.