असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल: ताडोब्याचा वाघ प्रिंटमध्ये मातकट का होतो

स्क्रीनवर वाघ धगधगीत केशरी दिसतो आणि नागपुरातल्या सीताबर्डीच्या लॅबमधून १२ बाय १८ ची प्रिंट येते ती मातकट. मग खापर फुटतं लॅबच्या मशीनवर, नाहीतर कागदावर. पुढच्या वेळी सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवून फाइल दिली जाते आणि दुसऱ्या लॅबमध्ये तोच वाघ शेंदूर फासल्यासारखा छापून येतो. बहुतेक वेळा मूळ गडबड फोटोशॉपच्या एडिट मेनूत एकाखाली एक असलेल्या दोन आज्ञांमध्ये असते: असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल.

लेव्हल्स, कर्व्हज, व्हाइट बॅलन्स हे तुम्ही रोज करता, त्यात शिरत नाही. एवढंच लक्षात घ्या की करेक्शनमध्ये तुम्ही मुद्दाम रंग बदलता. प्रोफाइलचं काम वेगळं आहे. फाइलमधल्या आकड्यांचा अर्थ कोणत्या मापाने लावायचा, ते प्रोफाइल सांगतं.

शेताची पाटी घ्या. ‘५ एकर’ खोडून ‘२.०२ हेक्टर’ लिहिलं तर आकडा बदलला, शेत तेवढंच राहिलं. हे कन्व्हर्ट. आकडा ५ च ठेवून एकरच्या जागी हेक्टर लिहिलं तर शेत कागदावर अडीचपट झालं. हे असाइन.

आता हेच संत्र्याच्या रंगावर बघा. एसआरजीबी हे स्क्रीनसाठी सर्रास वापरलं जाणारं प्रोफाइल. त्यात २५५, १२८, ० (क्रमाने लाल, हिरवा, निळा) हा भडक केशरी आहे. फाइल अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये (जास्त भडक रंग मावणारं प्रोफाइल) कन्व्हर्ट केली की आकडे साधारण २२७, १२७, ३० होतात आणि रंग तोच राहतो. त्याऐवजी अ‍ॅडोबी आरजीबी असाइन केलं तर आकडे २५५, १२८, ० च राहतात आणि रंग उसळून आणखी भडक होतो. वाघाच्या बाबतीत घडतं ते याच्या उलट. फाइल अ‍ॅडोबी आरजीबीची, आकडे २२७, १२७, ३०. सेव्ह करताना ‘आयसीसी प्रोफाइल’ची (प्रोफाइल फाइलसोबत जोडण्याची) खूण करायची राहून गेली, किंवा लॅबच्या सॉफ्टवेअरने प्रोफाइल वाचलंच नाही. तिथे हे आकडे एसआरजीबी समजून छापले जातात. लाल २५५ चा २२७ झालेला, निळा शून्याचा ३० झालेला, म्हणजे केशरी मळणारच.

हा घोटाळा लवकर पकडला जात नाही, कारण दोन्ही प्रोफाइलचा पांढरा बिंदू (पांढरा म्हणजे नेमका कोणता, ते ठरवणारं माप) एकच आहे, डी६५. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट, राखाडी रस्ता, काळी सावली जवळजवळ जशीच्या तशी छापली जाते. फिके पडतात ते केशरी, लाल, हिरवे असे भडक रंगच. रंगाची झाक कुठे दिसत नाही, म्हणून ‘यंत्र जरा फिकं छापतं’ असा समज होतो. त्यावर सॅच्युरेशन वाढवणं हा सगळ्यात वाईट उपाय. चुकीच्या मापावर चुकीची दुरुस्ती बसते, आणि ती फाइल पुढे कुठेच धड छापता येत नाही.

दुसरी, याहून चीड आणणारी चूक: लॅबने कागदाचं आयसीसी प्रोफाइल दिलं की ते फोटोला असाइन करणं. स्क्रीनवर रंग लगेच विचित्र होतात, मग ते कर्व्हजने ‘सुधारले’ जातात आणि प्रिंट पूर्ण बिघडते. ते प्रोफाइल आधी सॉफ्ट प्रूफसाठी, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच बघण्यासाठी, वापरा. व्ह्यू, प्रूफ सेटअप, कस्टममध्ये ते निवडा, ‘प्रिझर्व्ह आरजीबी नंबर्स’ची खूण काढून टाका, ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ची ठेवा. कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबल्यावर वाघाच्या अंगावर राखाडी डाग आले, तर तेवढा केशरी त्या कागदाच्या आवाक्याबाहेर आहे. अशा फोटोला परसेप्च्युअल आणि रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (आवाक्याबाहेरचे रंग आत बसवण्याच्या दोन पद्धती) दोन्ही लावून पाहा. केसांचा पोत ज्यात टिकतो, तो ठेवा.

मग असाइन कधी वापरायचं? फाइलला प्रोफाइलच नसेल किंवा चुकीचं चिकटलेलं असेल तेव्हाच. प्रोफाइल नसलेल्या फाइलला आधी एसआरजीबी असाइन करून बघा, बहुतेक वेळा तेच निघतं. कॅमेऱ्याच्या मूळ जेपेगच्या नावाची सुरुवात अंडरस्कोअरने होत असेल, तर कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर होता असं समजा. कलर सेटिंग्जमध्ये ‘मिसिंग प्रोफाइल’साठी ‘आस्क व्हेन ओपनिंग’ लावून ठेवा. अशी फाइल उघडताच फोटोशॉप स्वतः विचारतं.

लॅबला देताना क्रम ठरलेला ठेवा. सगळं करेक्शन संपवून मूळ फाइल १६ बिटमध्ये जपा, तिची कॉपी एसआरजीबीमध्ये कन्व्हर्ट करा, मग ८ बिट जेपेग, आणि सेव्ह करताना प्रोफाइलची खूण. लॅब वेगळं प्रोफाइल मागत असेल तर तिचं ऐका. पण लेझरने फोटो पेपरवर छापणाऱ्या लॅबसाठी स्वतःहून सीएमवायके (चार शाईंच्या छपाईची रंगपद्धत) करू नका. ती मशीन आरजीबीवर चालते. सीएमवायके पत्रिका छापणाऱ्या ऑफसेट प्रेससाठी ठेवा.

प्रिंट फिकी नसून सगळीच काळपट आली, तर प्रोफाइलला बोल लावू नका. लॅपटॉपचा उजेड पूर्ण वाढवून एडिट केलेलं असतं. मॉनिटर ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरवर आणून कॅलिब्रेट करा.

मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच कागदावर ४ बाय ६ ची चाचणी घ्या, आणि ऑर्डर देताना ‘करेक्शन करू नका’ असं लिहून द्या. ऑपरेटरने सवयीने ऑटो करेक्शन लावलं, तर चूक तुमच्या फाइलची की मशीनची, हे त्या चाचणीतून कळणार नाही.