नव्वदीतल्या पोटाची तातडीची शस्त्रक्रिया: करायची की नाही?

"आता या वयात कशाला चिरफाड?" आणि "काहीही करा, पण वाचवा." आतडं फुटलेल्या नव्वदीतल्या रुग्णाबद्दल ही दोन्ही वाक्यं एकाच घरातून ऐकू येतात. अंगात राखीव ताकद किती उरली आहे, हे मात्र दोन्हींत कुणीच विचारलेलं नसतं.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शरीराची प्राणवायूची गरज दीडपट होते: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे मिनिटाला सुमारे ११० मिलिलिटरवरून १७०पर्यंत, तीही काही दिवस. तरुण हृदय ठोके वाढवून हे निभावतं. म्हाताऱ्या हृदयाला तेवढे ठोके वाढवता येत नाहीत. शिवाय त्याच्या भिंती ताठर झालेल्या असतात, त्यामुळे जवनिका (हृदयाचा खालचा कप्पा) पुरती भरायला कर्णिकेचा (वरच्या कप्प्याचा) शेवटचा रेटा लागतोच. जंतुसंसर्गात कर्णिका नुसती थरथरू लागली की तो रेटा जातो आणि रक्तदाब कोसळतो. शरीर मग मेंदू आणि हृदय सांभाळतं, आतडं आणि मूत्रपिंड उपाशी राहतात. खराब भाग कापून आतड्याला दिलेला नवा जोड गळतो तो यामुळेही. म्हणून रुग्ण अत्यवस्थ असेल तर जोडण्याच्या फंदात न पडता आतड्याचं तोंड पोटावर काढणं बरं.

रिपोर्ट इथे फार फसवतात. ९० वर्षांच्या, ४५ किलोच्या आजींचं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, मूत्रपिंडं गाळून टाकतात तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) १.० आलं की सगळे निर्धास्त होतात. वय आणि वजन धरून कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला तर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला जेमतेम २७ मिलिलिटर निघते. स्नायूच झिजलेत, तर क्रिएटिनिन तयार कशातून होणार? आतडं फुटूनही पोट मऊ लागू शकतं, ताप नसतो, बीटा-ब्लॉकरमुळे (हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या गोळीमुळे) नाडी ८०च राहते. सीटी स्कॅन आणि लॅक्टेट (अवयवांना प्राणवायू कमी पडतोय का हे सांगणारी रक्तचाचणी) लवकर करावं ते यासाठी.

"दुर्बिणीतून केलं की धोका नाही" ही जाहिरातबाजी आहे. जखम लहान होते हे खरं, पण पोटात १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने वायू भरतात आणि तो भार त्याच थकलेल्या हृदयावर येतो.

राखीव ताकद ओळखायला १ ते ९ गुणांची क्लिनिकल फ्रेल्टी स्केल (म्हातारपणातला अशक्तपणा मोजणारी पट्टी) आहे. गुण द्यायचे ते आजारापूर्वीच्या दोन आठवड्यांवरून: जिना चढत होत्या का, आंघोळ स्वतः करत होत्या का? आजच्या अवस्थेवरून दिले तर धडधाकट माणूसही परावलंबी ठरेल.

मोठ्या आतड्याचा पीळ बऱ्याचदा गुदमार्गे दुर्बीण घालून सुटतो, पित्ताशयातला पू त्वचेतून नळी घालून निघतो. आतड्याच्या गँगरीनला मात्र शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही, आणि तिथे तासातासाला हिशेब बदलतो. व्हेंटिलेटर किती दिवस, डायलिसिस करायचं का, हे थिएटरात नेण्याआधीच ठरवावं. शस्त्रक्रिया नको असं ठरलं, तरी उलट्यांसाठी नाकातून जठरात नळी आणि वेदनेसाठी मॉर्फिनचे लहान डोस त्याच तासाला सुरू करता येतात. मूत्रपिंडं मंदावलेली असल्याने दोन डोसांमधलं अंतर तेवढं वाढवावं लागतं.