विलोब्रुक स्टेट स्कूल

न्यूयॉर्क शहरातील स्टेटन आयलंड या बेटावर न्यूयॉर्क राज्य सरकारने बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी चालवलेली, 1987 साली बंद झालेली निवासी संस्था. नावात ‘स्कूल’ असले तरी तेथे राहणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या वाट्याला शिक्षण असे जवळजवळ आलेच नाही. संस्थेचा इतिहास वाचताना ही विसंगती सतत नजरेसमोर ठेवावी लागते.

संस्थेच्या इमारती 1942 साली बांधून तयार झाल्या, परंतु दुसऱ्या महायुद्धामुळे त्या प्रथम अमेरिकी लष्कराच्या हॅलोरन रुग्णालयाकडे गेल्या आणि 1947 पासून तेथे दिव्यांग मुले येऊ लागली. घरी सांभाळण्यासाठी कसलीही मदत मिळत नसे, शाळा अशा मुलांना दारातूनच परत पाठवत आणि डॉक्टरच ‘मूल संस्थेत ठेवा’ असा सल्ला देत. त्यामुळे सुमारे 4,000 जणांसाठी बांधलेल्या या जागेत 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत 6,000 हून अधिक माणसे कोंबली गेली. 1965 साली सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी संस्थेला अचानक भेट देऊन तेथील घाण आणि हेळसांड जाहीरपणे मांडली. त्यानंतरही फारसे काही बदलले नाही.

याच संस्थेत 1956 पासून न्यूयॉर्क विद्यापीठाचे सॉल क्रुगमन यांनी विषाणुजन्य काविळीवर प्रयोग केले. त्यासाठी मुलांना मुद्दाम संसर्ग घडवला जाई. गर्दीमुळे मुलांना कावीळ होणारच आहे, आणि पालकांची लेखी संमती घेतली आहे, असे समर्थन त्यावर दिले गेले. मात्र 1964 च्या अखेरीस जागेअभावी नेहमीचे प्रवेश थांबले असतानाही प्रयोगाच्या विभागात जागा मिळत होती, आणि ज्या पालकांना दुसरा कोणताच आसरा नव्हता त्यांच्या सहीला मोकळी संमती म्हणणे कठीण आहे. काविळीचे दोन वेगवेगळे प्रकार असल्याचे या संशोधनाने स्पष्ट झाले, हे खरे; पण गर्दी हटवणे शक्य असताना तिलाच प्रयोगाचा आधार केले गेले, हा आक्षेप त्यामुळे पुसला जात नाही.

1970 नंतर राज्याने खर्चकपात केल्यावर कर्मचारी आणखी घटले. पालकांना संघटित केल्यामुळे मायकेल विल्किन्स या डॉक्टरला कामावरून काढण्यात आले, परंतु एका इमारतीची किल्ली त्यांच्याकडेच राहिली होती. जानेवारी 1972 मध्ये त्या किल्लीने दार उघडून त्यांनी दूरचित्रवाणी वार्ताहर हेराल्डो रिव्हेरा यांना कॅमेऱ्यासह आत नेले. अंधाऱ्या वॉर्डात उघडीनागडी मुले फरशीवर बसलेली, भिंतींना घाण लागलेली, आणि डझनावारी मुलांमागे एखादाच मदतनीस. एका मुलाला भरवायला जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळतात, असे विल्किन्स यांनी सांगितले. घाईने तोंडात कोंबलेला घास श्वासनलिकेत जाई आणि त्यातून होणाऱ्या न्यूमोनियाने मुले दगावत. याच वार्तांकनात बर्नार्ड काराबेलो यांनी आपले म्हणणे स्वतः मांडले. त्यांना सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर पुरेसा ताबा नसणे) होती आणि बोलणे अस्पष्ट असल्याने त्यांना मतिमंद ठरवून 18 वर्षे तेथे ठेवण्यात आले होते. पुढे ते दिव्यांगांनी आपल्या हक्कांसाठी स्वतः बोलावे, या चळवळीचे कार्यकर्ते झाले.

मार्च 1972 मध्ये पालकांनी नागरी हक्क संघटनांच्या साहाय्याने राज्याविरुद्ध सर्व रहिवाशांच्या वतीने प्रातिनिधिक दावा दाखल केला. 1973 च्या अंतरिम आदेशात न्यायाधीश ऑरिन जड यांनी उपचाराचा घटनात्मक हक्क मान्य केला नाही, परंतु इजेपासून संरक्षणाचा हक्क मान्य केला. याच अरुंद वाटेने पुढची सुटका झाली. 1975 मध्ये दोन्ही पक्षांत तडजोडीचा हुकूमनामा झाला. सहा वर्षांत रहिवाशांची संख्या 250 पर्यंत आणावी आणि बाकीच्यांची सोय वस्तीतील लहान घरांत करावी, असे त्यात ठरले. मुदत पाळली गेली नाही, कारण कुलूप काढण्यापेक्षा शेकडो घरे, प्रशिक्षित सोबती आणि दिवसाचे उपक्रम उभे करणे कितीतरी अवघड होते. नव्या घरांना शेजाऱ्यांचा विरोधही झाला. संस्थांमधील रहिवाशांच्या हक्कांविषयीचा 1980 चा संघराज्य कायदा होण्यामागे या प्रकरणाचा मोठा वाटा होता.

17 सप्टेंबर 1987 रोजी संस्था अधिकृतपणे बंद झाली. 1993 पासून तिच्या आवारात कॉलेज ऑफ स्टेटन आयलंड आहे. हुकूमनाम्याच्या कक्षेत आलेल्या माजी रहिवाशांना ‘विलोब्रुक क्लास’ (दाव्यातील गट) म्हणतात. त्यांना मिळालेले हक्क हयातभर लागू असून ते कुठे राहतात आणि त्यांची काळजी कशी घेतली जाते, यावर देखरेख ठेवणे राज्यावर बंधनकारक आहे.