जुन्या .३२ सेंटरफायर रिव्हॉल्वर : संग्रह आणि हातानं भरलेली काडतुसं

आपल्याकडे 'बत्तीस बोअर' म्हटलं की लायसन्सवाली, कानपूरच्या सरकारी फॅक्टरीची रिव्हॉल्वर डोळ्यासमोर येते. तिच्यात जे काडतूस जातं ते मुळात अमेरिकेचं, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, जन्म १८९६चा. या काडतुसाच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या जुन्या रिव्हॉल्वर जमवणं आणि त्यांच्यासाठी काडतुसं घरच्या बेंचवर स्वतः भरणं हा अमेरिकेतला जुना छंद आहे, आणि भरण्याच्या कामाला तिथे हँडलोडिंग किंवा रीलोडिंग म्हणतात.

सेंटरफायर म्हणजे प्राइमर, म्हणजे ठोका बसला की पेटणारी छोटी टोपी, काडतुसाच्या बुडाच्या बरोबर मध्यभागी बसवलेला. पॉइंट टू-टूसारख्या रिमफायर काडतुसात पेटणारा मसाला कडेच्या आतच असतो, घोडा पडला की कड चेपते आणि पुंगळी, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच, कायमची बाद होते, सेंटरफायरमध्ये मात्र जळालेला प्राइमर काढून नवा बसवता येतो म्हणून तीच पुंगळी पुन्हा पुन्हा भरता येते. हा सगळा छंद या एका गोष्टीवर उभा आहे.

नावांचा घोळ आधी समजून घ्यायला हवा कारण इथेच नवा माणूस फसतो. .३२ स्मिथ अँड वेसन हे आखूड काडतूस १८७८चं, काळ्या दारूच्या, म्हणजे धूर करणाऱ्या जुन्या बारुदीच्या जमान्यातलं, पुंगळी जेमतेम १५ मिमी. १८९६ला स्मिथ अँड वेसन कंपनीनं सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात ते फिरतं नळकांडं, बाजूला उघडणारी आपली पहिली रिव्हॉल्वर काढली, हँड इजेक्टर, आणि तिच्याबरोबर साधारण २३ मिमी पुंगळीचं लाँग आलं. कोल्ट या दुसऱ्या कंपनीला आपल्या मालावर स्पर्धकाचं नाव नको होतं म्हणून त्यांनी तेच काडतूस चपट्या टोकाच्या गोळीनं '.३२ कोल्ट न्यू पोलिस' नावानं विकलं. पण .३२ लाँग कोल्ट हे पूर्ण वेगळं, नुसतं नाव ऐकून ते स्मिथच्या रिव्हॉल्वरसाठी घेऊ नये. १९८४चं .३२ एच अँड आर मॅग्नम आणि नंतरचं .३२७ फेडरल मॅग्नम ही याच घराण्यातली पण लांब आणि जास्त दाबाची. आखूड काडतूस लाँगच्या चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतूस बसायच्या भोकात, चालतं, लाँग मॅग्नमच्या चेंबरमध्ये चालतं, उलटं कधीच करायचं नाही. .३२-२० तर मुळात १८८२चं रायफलचं काडतूस, त्यातला २० म्हणजे काळ्या दारूचे २० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप), रायफलसाठी भरलेली त्याची जोरदार काडतुसं जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घालणं धोक्याचं.

जमवणारे लोक काय बघतात? पहिल्यांदा नंबर. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या मालावर मुठीच्या तळाला, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या अंगाला तोच सीरियल नंबर सापडला तर भाग मूळचे आहेत असं समजतात. १८९६च्या मॉडेलची खूण म्हणजे कंपनीचं नाव आणि पेटंटच्या तारखा नळीवर नसून सिलिंडरवर कोरलेल्या. मग फिनिश, आणि इथे हौशी लोक सगळ्यात मोठं नुकसान करतात. शंभर वर्षांचा झिजलेला निळा रंग किंवा सोललेलं निकेल बघून पॉलिश आणि नवा मुलामा करून घेतात आणि किंमत वाढायच्या ऐवजी घसरते, कारण घासताना अक्षरांच्या धारा गोल होतात आणि त्या परत येत नाहीत. झिजलेली पण मूळची वस्तू केव्हाही चांगली. अमेरिकेच्या १९६८च्या कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार अँटिक ठरतं, म्हणून त्या एका सालावरून बाजारात फार चर्चा होते.

काडतूस भरणाऱ्यासाठीही साल तितकंच महत्त्वाचं. मधून मोडून उघडणाऱ्या स्वस्त टॉप-ब्रेक रिव्हॉल्वर बहुतेक काळ्या दारूसाठीच्या, आयव्हर जॉन्सन कंपनीनं धूर न होणाऱ्या दारूसाठी मजबूत केलेलं मॉडेल १९०९ला आणलं. त्याआधीच्या अशा टॉप-ब्रेक हत्यारात आजची दारू घालूच नये.

भरायचं काम असं चालतं, पुंगळी साफ करून डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, दाबून मापाला आणायची, नवा प्राइमर, दारू, वर शिशाची गोळी आणि तोंड हलकंसं आवळायचं. लाँगची नेहमीची गोळी ९८ ग्रेनची म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, आणि दाबाची ठरलेली मर्यादा १५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), .३२७ मॅग्नमच्या ४५,०००च्या एक तृतीयांश. जुन्या नळ्यांचं माप सारखं नसतं म्हणून जाणकार आधी मऊ शिशाचा तुकडा तेल लावून लाकडी दांड्यानं नळीतून हळूहळू ढकलतात, बाहेर आला की त्यावरच्या खाचा मायक्रोमीटरनं मोजतात, सिलिंडरची भोकंही तशीच, आणि मग गोळीचा साचा निवडतात. दारू किती हे छापील लोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यायचं, कोणाच्या सांगण्यावरून नाही. सगळ्यात वाईट चूक म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा दारू पडणं. पटकन जळणारी दारू इतकी थोडी लागते की दुप्पट पडली तरी ती आतच मावते, म्हणून पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या लावून गोळी बसवायच्या आधी टॉर्च मारून एकेका पुंगळीत डोकावतात. हे टाळून वेळ वाचवणारा माणूस मला तरी समजत नाही.

एवढा खटाटोप कशाला, तर काही जुन्या मापांची काडतुसं दुकानात सहज मिळत नाहीत आणि मिळाली तर महाग. शिवाय लाँगचा नेम खरंच चांगला आहे. २५ मीटर सेंटरफायर स्पर्धेत वॉल्थर आणि पार्दिनीची पिस्तुलं याच काडतुसाची, सपाट तोंडाची वॅडकटर गोळी कागदाला पंच मारल्यासारखं गोल भोक पाडते. याच प्रकारात जसपाल राणानं २००६च्या दोहा एशियाडमध्ये ५९० गुणांसह सोनं घेतलं होतं.

भारतात घरी काडतूस भरता येत नाही, १९५९च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला हत्यारंही दोनच ठेवता येतात. कानपूरच्या रिव्हॉल्वरचा घाट मात्र इंग्रजांच्या वेब्ली मार्क ४चा, म्हणजे हत्यार विलायती वळणाचं आणि काडतूस अमेरिकन.

दाब कमी म्हणून लाँगच्या पुंगळ्या बऱ्याच वेळा वापरता येतात. आधी तोंडाशी केसासारखी चीर पडते, ती नुसत्या डोळ्याला चुकते पण मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवल्या की फुटक्या पुंगळीचा आवाज बद्द येतो, ती वेचून पक्कडीनं चेपून भंगारात टाकतात.