प्लास्टरबाहेरची बोटं

हाताला किंवा पायाला ओलं प्लास्टर घालून रुग्ण वॉर्डात आला की सिस्टर पहिल्यांदा त्याची बोटं बघतात. मोडलं मनगट किंवा नडगी, मग बोटं कशाला, असं नातेवाइकांना वाटतं. पण धोका मोडलेल्या हाडापेक्षा त्यावरच्या बंधाचा जास्त असू शकतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थान या भागात भग्नावर, म्हणजे मोडलेल्या हाडांवर, स्वतंत्र अध्याय आहे. हाड ओढून जागेवर आणायचं आणि वड, पिंपळ, उंबर, अर्जुन यांच्या साली किंवा बांबूच्या कांबी लावून बांधायचं. बंध थंडीत 7 दिवसांनी सोडायचा, उन्हाळ्यात 3 दिवसांनी. सैल राहिला तर सांधा स्थिर राहत नाही. आवळला तर सूज येते, दुखतं, पिकतं.

ही सोडून बघण्याची सोय प्लास्टरने काढून घेतली. डच लष्करी डॉक्टर आंतोनियस मथायसन यांनी 1852 मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसची पूड चोळलेल्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. क्रिमियाच्या युद्धात रशियन शल्यविशारद पिरोगोव्ह यांनी जखमी सैनिकांसाठी प्लास्टर वापरलं. हाड पक्कं धरलं जाई, पण आतला अवयव सुजला तरी कठीण कवच जागचं हलत नसे. काही रुग्णांची बोटं कायमची आखडत. रक्त अडून स्नायू मेल्यामुळे हे होतं, असं जर्मनीचे शल्यविशारद रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी 1881 मध्ये मांडलं.

इंग्लंडमध्ये 1900 मध्ये अ‍ॅग्नेस हंट या परिचारिकेने बॅसचर्च गावी अपंग मुलांसाठी घर सुरू केलं. लहानपणीच्या दुखण्याने त्या स्वतः लंगडत. शल्यविशारद रॉबर्ट जोन्स तिथे मुलांना तपासायला येत. जोन्स यांचे नातेवाईक ह्यू ओवेन थॉमस यांच्या नावाचा स्प्लिंट, म्हणजे हाड स्थिर ठेवणारा आधार, पहिल्या महायुद्धात मांडीच्या हाडासाठी वापरात आला. अशा रुग्णांची महिनोन्‌महिने देखभाल परिचारिकांवरच असे: स्प्लिंटच्या कड्याखालची त्वचा सोलवटली का, टाच लाल झाली का. अस्थिरोग परिचर्या घडली ती अशा कामातून.

आज बोटांचा रंग, ऊब, संवेदना, हालचाल, नख दाबल्यावर परतणारी लाली असं सगळं तक्त्यावर नोंदतात. माझ्या मते यात सर्वांत मोलाची नोंद वेदनेची. सुजेमुळे स्नायूंच्या आवरणबंद कप्प्यातला दाब घातक पातळीला पोचला तरी मनगटाची नाडी लागू शकते. त्याआधी वेदनाशामक देऊनही न थांबणारं दुखणं सुरू होतं आणि बोट दुसऱ्याने सरळ केलं की रुग्ण कळवळतो. अशा रुग्णाला ‘फार रडतो’ म्हणून गप्प करणं अक्षम्य आहे. डॉक्टरांना तातडीने बोलवायचं, प्लास्टर आणि खालचा कापूस थेट कातडीपर्यंत उभा चिरायचा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवायचा. तरीही दाब उतरला नाही तर शस्त्रक्रियेने स्नायूंवरचं आवरण उघडावं लागतं, आणि तिथे हाताशी तास मोजकेच असतात. हाडवैद्याने कांब्या लावून आवळलेल्या हातालाही हेच लागू आहे. मूल रात्रभर रडत असेल तर सकाळची वाट न बघता बंध सोडून त्याला रुग्णालयात न्यावं.